वृद्धांचा स्मृतिभ्रंश आणि मालमत्तेची व्यवस्था

मनुष्याचे सरासरी आयुर्मान वाढले, ही आरोग्यशास्त्राची फार मोठी देणगी होय. स्वातंत्र्यप्राप्तीच्या सुमारास भारतीय माणसाचे सरासरी आयुर्मान सुमारे ३२ वर्षांचे होते. आज ते ७० वर्षांच्या आसपास आहे. परंतु आयुष्य लांबले की उतारवयाचे विकारही वाट्यास येतात, आणि त्यांपैकी स्मृतिभ्रंश हा केवळ वैद्यकाचा विषय राहत नाही. मोतीबिंदू झाला किंवा सांधे धरले तर त्याचा विचार वैद्याने करावयाचा असतो. पण ज्याच्या नावावर घर, शेत आणि बँकेतील ठेव आहे त्याचीच समज क्षीण होऊ लागली, म्हणजे कुटुंबापुढे एक निराळाच प्रश्न उभा राहतो : त्याच्या सहीला आता कितपत अर्थ उरला आहे, आणि तो कोणी ठरवावयाचा?

रायपूर शहराच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, धरसींवा भागात सिलतरा हे गाव आहे. भातशेतीचा हा मुलूख आज स्पंज लोखंडाच्या व पोलादाच्या कारखान्यांसाठी ओळखला जातो. छत्तीसगडचा प्रदेश १८५४ पर्यंत नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात मोडत होता, आणि पुढे १९५६ पर्यंत रायपूर जिल्हा नागपूर ही राजधानी असलेल्या प्रांताचा भाग होता. त्यामुळे रायपूरच्या परिसरात मराठी कुटुंबे पिढ्यानपिढ्या वसलेली आहेत. जेथे कारखाने येतात तेथे जमिनीचे मोल चढते, आणि मुले नोकरीनिमित्त दूरच्या शहरांत पांगतात. जमीन मात्र बहुधा घरातील वृद्धाच्या नावावर असते. त्याच्या सहीची किंमत वाढत जाते आणि त्याच वेळी सही करणाऱ्याची समज उणावत जाते. अशा ठिकाणी हा विषय ध्यानात घेणे अगत्याचे आहे.

एक काल्पनिक कुटुंब डोळ्यांपुढे आणल्यास विषय समजण्यास सोपा जाईल. सिलतरा येथील कारखान्यातून फिटर म्हणून निवृत्त झालेले, पंचाहत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ आहेत. रस्त्यालगत तीन एकर शेत, राहते घर आणि बँकेतील काही ठेव ही त्यांची स्वकष्टार्जित मिळकत. पत्नी हयात आहे. दोन मुलगे रायपुरास आणि मुलगी नागपुरास दिलेली. गेली दोन वर्षे ते तीच गोष्ट पुन्हा पुन्हा विचारतात, महिन्याचा जमाखर्च जुळवताना अडखळतात. डॉक्टरांनी तपासून स्मृतिभ्रंशाची सुरुवात असल्याचे सांगितले आहे. थोरला मुलगा म्हणतो, ‘शेत आताच माझ्या नावे करून घ्यावे.’ धाकटा म्हणतो, ‘बाबांच्या सहीला आता काही किंमत नाही.’ मुलीस कोणी विचारलेच नाही. या दोघा भावांचे म्हणणे कायद्याच्या कसोटीवर घासून पाहिले असता दोघांचीही चूक होत आहे असे दिसून येईल.

विकाराचे स्वरूप

स्मृतिभ्रंश हे एकाच रोगाचे नाव नव्हे. मेंदूतील निरनिराळ्या बिघाडांमुळे स्मरण, भाषा, विचार आणि निर्णय यांच्या शक्ती उत्तरोत्तर कमी होत जातात, त्या अवस्थेला हे नाव आहे. तिचे सर्वांत अधिक आढळणारे कारण म्हणजे अल्झायमरचा रोग. अलॉइस अल्झायमर या जर्मन वैद्याने १९०१ साली फ्रँकफुर्ट येथील रुग्णालयात ५१ वर्षांच्या एका स्त्रीची तपासणी केली. तिची स्मृती आणि भाषा झपाट्याने ढासळत होती. १९०६ मध्ये ती मरण पावल्यावर तिच्या मेंदूत त्याला प्रथिनांचे साठे आणि पेशींतील तंतूंचे गुंते दिसले, व त्याच वर्षी त्याने हे निष्कर्ष वैद्यांच्या सभेत मांडले. मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबल्यामुळे होणारा स्मृतिभ्रंश हे दुसरे मोठे कारण होय. मधुमेह आणि वाढलेला रक्तदाब यांमुळे त्याचा धोका वाढतो.

भारतातील ६० वर्षांवरील लोकांच्या एका राष्ट्रव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार या वयोगटातील शेकडा ७.४ व्यक्तींना, म्हणजे सुमारे ८८ लाख भारतीयांना, स्मृतिभ्रंश आहे. अर्थात हा प्रश्न विरळा नाही; तो कोणत्याही गल्लीतील एखाद्या घरात असू शकतो.

कायद्याच्या दृष्टीने या विकाराचे तीन विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला असा, की तो बहुधा हळूहळू वाढतो. सुरुवातीच्या काळात मनुष्य सकाळी काय जेवला हे विसरेल, पण आपली मुले कोण, आपले शेत कोणते आणि ते कोणास द्यावयाचे याविषयी त्याचे मत स्पष्ट असू शकते. दुसरा असा, की समज सर्व वेळी सारखी नसते. अनेक रुग्ण सकाळी ताजेतवाने आणि सायंकाळी गोंधळलेले असतात; ताप, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा एखादे औषध यांमुळे काही दिवस भ्रमिष्टपणा येतो व उपचारानंतर तो ओसरतो. तिसरा विशेष असा, की स्मृतिभ्रंशासारखे दिसणारे सर्वच विकार असाध्य नसतात. थायरॉइड ग्रंथीची मंदता, ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, खोल नैराश्य, किंवा पडल्यामुळे कवटीच्या आत साचलेले रक्त ही कारणे उपचाराने दूर होऊ शकतात. म्हणून वृद्धाच्या सहीविषयी निर्णय करण्यापूर्वी त्याची नीट वैद्यकीय तपासणी होणे हे कायद्याच्याही हिताचे असते.

तपासणीच्या भाषेचाही विचार करावयास हवा. स्मृती मोजण्याच्या प्रश्नावलीवर शिक्षणाचा आणि भाषेचा परिणाम होतो. निरक्षर वृद्धांना न्याय मिळावा म्हणून हरियाणातील बल्लभगढ येथील संशोधनासाठी हिंदी प्रश्नावली मुद्दाम तयार करावी लागली. ती १९९५ साली प्रसिद्ध झाली. घरात आयुष्यभर मराठी बोललेल्या माणसाला रायपूरच्या दवाखान्यात घाईघाईने हिंदीत प्रश्न विचारले, तर त्याचे गुण त्याच्या खऱ्या समजेपेक्षा कमी पडण्याचा संभव असतो. तसेच प्रश्नावलीतील गुण म्हणजे कायदेशीर क्षमतेचा निकाल नव्हे. ते केवळ एक साधन आहे.

कायदा रोगाचे नाव विचारत नाही

भारतीय वारसा अधिनियम, १९२५ याच्या कलम ५९ अन्वये सज्ञान आणि शुद्ध मनाच्या कोणत्याही व्यक्तीस मृत्युपत्राने आपल्या मिळकतीची विल्हेवाट लावता येते. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात म्हटले आहे, की एरवी मनोविकृत असलेली व्यक्तीही मन शुद्ध असलेल्या मधल्या काळात मृत्युपत्र करू शकते. आणि उलट, आजारामुळे वा नशेमुळे आपण काय करीत आहोत हे ज्याला कळत नाही, त्याला त्या अवस्थेत ते करता येत नाही. करारांसंबंधीच्या १८७२ च्या अधिनियमातील कलम १२ हीच दृष्टी स्वीकारते. करार करताना तो समजून घेण्याची आणि आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल याचा विवेकाने विचार करण्याची शक्ती असली, म्हणजे मन शुद्ध मानले जाते.

या नियमांमागील तत्त्व १८७० साली इंग्लंडात बँक्स विरुद्ध गुडफेलो या खटल्यात स्पष्ट झाले. जॉन बँक्स नावाच्या गृहस्थास पूर्वी वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेले होते. भुते आणि एक मृत इसम आपला पाठलाग करतात असा त्यांचा ठाम भ्रम होता. त्यांनी १८६३ मध्ये मृत्युपत्र करून आपली पंधरा घरे सोबत राहणाऱ्या भाचीला दिली. न्यायालयाने ते मृत्युपत्र वैध ठरविले. कारण भुतांविषयीच्या त्या भ्रमाचा मिळकतीच्या वाटणीशी काही संबंध नव्हता. मृत्युपत्र म्हणजे काय, आपली मिळकत स्थूलमानाने किती आहे, आणि आपल्यावर कोणाकोणाचा न्याय्य हक्क पोहोचतो, या तीन गोष्टी करणाऱ्यास समजल्या पाहिजेत. तसेच मनाच्या विकृतीमुळे त्याची आपुलकी वा न्यायबुद्धी विषारी झालेली नसावी, अशी कसोटी सरन्यायाधीश कॉकबर्न यांनी घालून दिली. भारतीय न्यायालयेही तिचा आधार घेतात.

मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अंमलात आला. मानसिक आजाराच्या त्याच्या व्याख्येत स्मृतीच्या आणि स्थळकाळाच्या भानाच्या गंभीर विकारांचाही समावेश होतो. मात्र आजाराचे निदान झाले एवढ्यावरून व्यक्ती अशुद्ध मनाची मानता येणार नाही. तसे सक्षम न्यायालयाने जाहीर केलेले असले पाहिजे, असे त्याच अधिनियमाच्या कलम ३ मध्ये सांगितले आहे. वरील उदाहरणातील धाकट्या मुलाची चूक येथे उघड होते. वडिलांच्या निदानाच्या कागदावर ‘स्मृतिभ्रंश’ हा शब्द आला म्हणून त्यांची सही निरर्थक होत नाही. त्या दिवशी, त्या विशिष्ट कामापुरती त्यांची समज होती काय, एवढाच प्रश्न कायदा विचारतो.

मृत्युपत्र केव्हा आणि कसे करावे

मृत्युपत्र वादात पडते तेव्हा ते करणारा साक्ष देण्यास हयात नसतो. ही अडचण सर्वोच्च न्यायालयाने म्हैसूरकडील एच. व्यंकटाचल अय्यंगार यांच्या खटल्यात नोव्हेंबर १९५८ मध्ये विशद केली. तो निकाल न्यायमूर्ती प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी लिहिला होता. मूळचे साताऱ्याचे असलेले गजेंद्रगडकर पुढे १९६४ ते १९६६ या काळात भारताचे सरन्यायाधीश होते. सही कापरी वा संशयास्पद असणे, करणाऱ्याचे मन दुर्बल असणे, वाटणी अस्वाभाविक वाटणे, आणि ज्याला लाभ व्हावयाचा त्यानेच मृत्युपत्र घडवून आणण्यात पुढाकार घेणे, या संशयाच्या जागा होत. त्या असतील तर मृत्युपत्र पुढे करणाऱ्यानेच संशय निवारला पाहिजे, असे त्या निकालाचे सार आहे. त्या खटल्यातील मृत्युपत्र या कसोटीस उतरले नाही.

या तत्त्वावरून स्मृतिभ्रंशाची सुरुवात झालेल्या वृद्धाने कोणती काळजी घ्यावी हे सहज ठरविता येते.

मृत्युपत्र साध्या कागदावर करता येते. त्यास मुद्रांक शुल्क लागत नाही. करणाऱ्याने सही किंवा निशाणी करावयाची आणि निदान दोन साक्षीदारांनी त्याच्यादेखत सह्या करावयाच्या, हे कलम ६३ प्रमाणे आवश्यक आहे. ज्याला काही मिळावयाचे आहे त्याला साक्षीदार करू नये. साक्षीदार वयाने लहान आणि जवळपास राहणारे असावेत, कारण पुढे मृत्युपत्र शाबीत करण्यासाठी साक्षीदार हयात असल्यास निदान एकाला न्यायालयात बोलवावे लागते. सहीच्या दिवशीच, किंवा फार तर एक-दोन दिवस आधी, मानसरोगतज्ज्ञाने अथवा मेंदूविकारतज्ज्ञाने रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलून लेखी दाखला द्यावा. ‘प्रकृती ठीक’ एवढे लिहून भागत नाही. मिळकत कोणती, वारस कोण, कोणास काय आणि का द्यावयाचे, या प्रश्नांना त्याने काय उत्तरे दिली ते दाखल्यात नमूद असावे. बोलणे चालू असता लाभार्थी खोलीबाहेर असावेत. वाटणी असमान असेल तर तिचे कारण मृत्युपत्रातच एका वाक्यात लिहावे. न्यायालयाला ‘अस्वाभाविक’ वाटणारी गोष्ट अशा एका वाक्याने पुष्कळदा स्वाभाविक होते.

मृत्युपत्राची नोंदणी सक्तीची नाही, परंतु ती केलेली बरी. मात्र नोंदणी झाली म्हणून करणाऱ्याची मानसिक क्षमता आपोआप सिद्ध होत नाही, हे विसरू नये. रायपूरमधील मराठी कुटुंबांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. मृत्युपत्र मराठीत लिहिण्यास कायद्याची हरकत नाही, आणि वृद्धास जी भाषा सर्वांत चांगली समजते तीच उत्तम. परंतु नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १९ प्रमाणे नोंदणी अधिकाऱ्यास न समजणाऱ्या आणि जिल्ह्यात सामान्यतः वापरात नसलेल्या भाषेतील दस्तऐवजासोबत खरे भाषांतर द्यावे लागते. म्हणून मराठी मजकुराबरोबर हिंदी भाषांतर तयार ठेवावे.

मृत्युपत्र केलेच नाही तर काय होते? हिंदू वारसा अधिनियम, १९५६ प्रमाणे वरील गृहस्थांच्या स्वकष्टार्जित मिळकतीत पत्नी, दोन मुलगे आणि मुलगी या चौघांना सारखे वाटे मिळतील. नागपुरास दिलेल्या मुलीस विचारले नाही म्हणून तिचा हक्क जात नाही. छत्तीसगडच्या जमीन महसूल संहितेप्रमाणे शेतजमिनीवरील भूमिस्वामीचा हक्कही त्याच्या वैयक्तिक कायद्यास अनुसरून वारसांकडे जातो, किंवा मृत्युपत्राने देता येतो. महसूल दप्तरी एकाचेच नाव चढले तरी ती नोंद मालकी निर्माण करीत नाही. हा नियम सर्वांस मात्र लागू नाही. अनुसूचित जमातींना हिंदू वारसा अधिनियम सामान्यतः लागू होत नाही, आणि मुस्लिम कायद्याप्रमाणे वारसांच्या संमतीवाचून एकतृतीयांशाहून अधिक मिळकत मृत्युपत्राने देता येत नाही.

बक्षीसपत्राची घाई

थोरल्या मुलाची सूचना बक्षीसपत्राची आहे. मृत्युपत्र आणि बक्षीसपत्र यांतील भेद सामान्य माणसास पुष्कळदा ठाऊक नसतो. मृत्युपत्राचा अंमल मृत्यूनंतर होतो, आणि समज शाबूत आहे तोवर ते कितीही वेळा बदलता किंवा रद्द करता येते. बक्षीसपत्राने मालकी तत्काळ जाते आणि सामान्यतः परत येत नाही. ज्याला पुढील आठ-दहा वर्षे औषधोपचार, मदतनीस आणि डोक्यावरचे छप्पर यांची गरज पडणार, त्याने आजच सर्वस्व देऊन टाकणे हे त्याच्या हिताचे क्वचितच असते.

कायद्याने येथे दोन कुंपणे घातली आहेत. करार अधिनियमाच्या कलम १६ प्रमाणे वय, आजार किंवा मानसिक क्लेश यांमुळे ज्याची मनःशक्ती तात्पुरती वा कायमची बाधित झाली आहे, त्याच्याशी व्यवहार करणारा मनुष्य त्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजविण्याच्या स्थितीत असल्याचे मानले जाते. व्यवहार अन्याय्य दिसल्यास तो दबावाने झाला नाही हे त्यालाच सिद्ध करावे लागते. दुसरे कुंपण आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाच्या २००७ च्या अधिनियमाचे. सांभाळ करण्याच्या अटीवर मिळकत दिली आणि घेणाऱ्याने ती अट मोडली, तर कलम २३ अन्वये न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्दबातल ठरवू शकते. म्हणून बक्षीसपत्र करावेच लागले तर सांभाळाची अट त्यात स्पष्ट शब्दांत लिहिलेली असावी. वृद्धास स्वतः अर्ज करणे शक्य नसेल तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था त्याच्या वतीने तो करू शकते.

मुखत्यारपत्राविषयीचा गैरसमज

‘बाबांकडून मुखत्यारपत्र लिहून घेतले आहे, आता काळजी नाही,’ असे अनेक घरांत म्हटले जाते. हा या विषयातील सर्वांत मोठा गैरसमज होय. मुखत्यार हा दुसऱ्याचा हस्तक. करार अधिनियमाच्या कलम २०१ प्रमाणे ज्याने मुखत्यार नेमला त्याचे मन अशुद्ध झाले, की मुखत्यारी तेथेच संपते. दूर राहणाऱ्या किंवा अंथरुणास खिळलेल्या, पण समज शाबूत असलेल्या वृद्धाला मुखत्यारपत्राचा उपयोग होतो. स्मृतिभ्रंश वाढलेल्या माणसाच्या बाबतीत मात्र ज्या क्षणी त्याची खरी गरज भासते, त्याच क्षणी ते निर्जीव होते. त्यानंतर त्याच्या आधारे केलेली विक्री पुढे न्यायालयात टिकणे कठीण.

इतर काही देशांनी ही उणीव भरून काढली आहे. जर्मनीने १९९२ पासून प्रौढांसाठी न्यायालयीन देखरेखीखालील साहाय्यकाची पद्धत सुरू केली. जपानने २००० सालापासून, समज असतानाच भावी पालक करारान्वये नेमून ठेवण्याची सोय केली. इंग्लंडात २००५ च्या कायद्याने टिकाऊ मुखत्यारपत्र मान्य केले. समज गेल्यावरही ते चालू राहते. भारतात सर्वसाधारण स्वरूपाची अशी तरतूद नाही.

बँकेतील पैशांसाठी काही साध्या सोयी आहेत. समज असतानाच पती-पत्नींचे खाते ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असेल तो’ अशा स्वरूपाचे करून ठेवावे. हात थरथरत असल्याने सही जुळत नसेल तर साक्षीदारांसमोर अंगठा किंवा निशाणी घेण्याची पद्धत रिझर्व्ह बँकेने घालून दिली आहे. परंतु ती दुर्बल शरीरासाठी आहे, हरवलेल्या समजेसाठी नव्हे. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्यास चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. मात्र नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे वारस नव्हे. ‘कालनिर्णय’ दिनदर्शिकेचे संस्थापक जयंतराव साळगांवकर यांच्या मिळकतीसंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले, की भागरोख्यांचे नामनिर्देशन वारसाहक्काच्या कायद्यावर मात करीत नाही. म्हणून नामनिर्देशन आणि मृत्युपत्र यांत मेळ असावा.

वेळ टळून गेल्यावर

समज पूर्णपणे हरपेपर्यंत काहीच केले नाही, तर पुढचा मार्ग लांबचा आहे. १९१२ च्या आणि १९८७ च्या कायद्यांत मनोरुग्णाच्या मिळकतीचा व्यवस्थापक जिल्हा न्यायालयाकडून नेमण्याची तरतूद होती. २०१७ च्या अधिनियमाने १९८७ चा कायदा रद्द केला, पण मिळकतीच्या व्यवस्थेविषयी त्यात काही सांगितले नाही. राष्ट्रीय न्यास अधिनियम, १९९९ मधील पालकत्वाच्या योजनेत स्मृतिभ्रंश येत नाही. त्यामुळे अनेक कुटुंबांना संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागते. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बेशुद्धावस्थेतील रुग्णांसंबंधी अशी पालक नेमणूक कशी करावी याचे मार्गदर्शन घालून दिले : वैद्यकीय तपासणी, महसूल अधिकाऱ्याची भेट, सर्व वारसांची माहिती आणि नेमलेल्या पालकाने वेळोवेळी द्यावयाचा हिशेब. मुंबई उच्च न्यायालयानेही स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी जवळच्या नातेवाइकांस पालक नेमलेले आहे.

सिलतरा येथील कुटुंबासाठी हे न्यायालय म्हणजे १ नोव्हेंबर २००० रोजी राज्याबरोबरच स्थापन झालेले बिलासपूरचे छत्तीसगड उच्च न्यायालय होय. तेथे वकील, कागदपत्रे आणि महिन्यांचा कालावधी लागतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण अधिनियमाखाली विनामूल्य वकील मिळू शकतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. ज्येष्ठ नागरिकांसाठी १४५६७ हा राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांकही आहे.

उपचारांविषयीचा शब्द

मिळकतीइतकाच महत्त्वाचा प्रश्न देहाचा आहे. पुढे समज गेल्यावर आपल्यावर कोणते मानसोपचार व्हावेत, कोणते होऊ नयेत, आणि आपल्या वतीने कोणी बोलावे, हे कोणत्याही सज्ञान व्यक्तीस २०१७ च्या अधिनियमाखाली आगाऊ लिहून ठेवता येते. जीवरक्षक यंत्रांच्या उपयोगाविषयी आगाऊ इच्छा लिहून ठेवण्यास सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये मान्यता दिली, आणि जानेवारी २०२३ मध्ये तिची रीत सुलभ केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमक्ष ती करता येते. हे कागद मृत्युपत्राहून निराळे ठेवावेत, कारण मृत्युपत्र मृत्यूनंतर उघडले जाते आणि या कागदांची गरज त्यापूर्वीच पडते.

कामाचा क्रम

स्मृतिभ्रंशाचे निदान सुरुवातीच्या अवस्थेत झाले असता कुटुंबाने कोणता क्रम ठेवावा हे वरील विवेचनावरून लक्षात येईल. प्रथम बरे होण्याजोगी कारणे तपासून घ्यावीत. नंतर घर, शेत, ठेवी, विमा, कर्जे आणि कागदपत्रे कोठे आहेत याची यादी वृद्धाच्याच तोंडून ऐकून लिहावी. त्यानंतर सर्व मुलांच्या, मुलींच्यासुद्धा, माहितीने त्याची इच्छा विचारावी आणि त्याला एकट्याला वकिलाशी व डॉक्टरांशी बोलू द्यावे. मग मृत्युपत्र, नामनिर्देशने आणि उपचारांविषयीचे निर्देश, ही कामे एकामागून एक पुरी करावीत. प्रत्येक काम त्याची समज ज्या वेळी सर्वांत ताजी असते त्या वेळी करावे. बहुधा ती वेळ सकाळची असते.

या विषयात कुटुंबे दोन प्रकारे चुकतात. काही जण वृद्धाला रोगाचे नाव मिळताच त्याला घरच्या निर्णयांतून बाजूस सारतात. काही जण त्याची समज गेल्यावरही त्याच्या अंगठ्याचा उपयोग करून घेतात. पहिल्याने त्याचा हक्क जातो, दुसऱ्याने त्याची मिळकत. कायद्याची सर्व साधने चालू समजेवरच उभी आहेत. समज गेल्यावर मृत्युपत्र करता येत नाही, मुखत्यारपत्र टिकत नाही आणि करार निरर्थक होतो. म्हणून निदानानंतरचे पहिले काही महिने फार मोलाचे असतात. आयुष्यभर कष्टून जोडलेले घर आणि शेत कोणाच्या हाती द्यावे, हे सांगण्याचा अधिकार ज्याने ते जोडले त्याचा आहे, आणि तो त्याला सांगता येत आहे तोवरच त्याला विचारले पाहिजे.